भूक म्हटलं की बैठका

आमच्या हॉलमध्ये एका शब्दाला बंदी होती. भूक. सामन्याआधी वजन उतरवायचा जो आठवडा असतो, त्यात कुणी 'भूक लागली' म्हटलं की त्यानं जिथं असेल तिथं बैठका मारायला सुरुवात करायची आणि बाबा 'थांब' म्हणेपर्यंत मारत राहायच्या. 'पोटात कावळे ओरडतायत' म्हटलं तरी तेच. एका मुलीनं अक्कल चालवून 'आज घरी काय केलं असेल कुणास ठाऊक' असं आडून आडून म्हणून पाहिलं, तर तिला दुप्पट बैठका पडल्या. भूक बोलून दाखवली की माजते, असं बाबांचं ठाम मत. त्यांनी स्वतः तो शब्द आयुष्यात कधी उच्चारला नव्हता. सामने सोडून कैक वर्षं झाली तरी नाही, घरी ताटावर बसतानाही नाही. आई वाढायची, ते जेवायचे, विषय संपला.

बाबा बॉक्सिंग शिकवतात. हॉल एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर आहे. खालून ग्रीसचा वास येतो आणि वर घामाचा असतोच, त्यामुळे नव्या माणसाला जिन्यातच कळतं की आपण योग्य ठिकाणी आलोय. दारात एक जुना उभा काटा आहे, दांडीवर वजन सरकवायचा. येणाऱ्यानं आधी त्यावर चढायचं, बाबा दांडी सरकवून आकडा मोठ्यानं ओरडणार आणि मग म्हणणार, "उतर." नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, वजनं राहतात. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी पाव किलो जास्त भरले होते. बाबांनी मला दोन स्वेटर चढवून दोरीवरच्या उड्या मारायला लावल्या, तो पाव किलो उतरवला, मी सामना जिंकले आणि त्या दिवसापासून मी पावकिलो झाले ती कायमची. आता मी तिशी ओलांडलीय, हॉलचा निम्मा कारभार माझ्या डोक्यावर आहे, तरी जिन्यातून हाक येते ती "ए पावकिलो" अशीच.

अशा या माणसाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली.

संडासावाटे रक्त जात होतं, पण त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. शेवटी एक दिवस जिन्याच्या मधल्या पायरीवर धाप लागून बसले, तोंड पांढरंफटक पडलं, तेव्हा मी त्यांना जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. दुर्बिणीची तपासणी झाली, तुकडा तपासायला गेला, स्कॅन झाला. गाठ आतड्यातच होती, यकृतात किंवा फुप्फुसात पसरली नव्हती. सर्जन बाई बुटक्या, चटपटीत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. त्या म्हणाल्या, गाठीचा भाग कापून काढू आणि आतड्याची दोन टोकं एकमेकांना शिवू.

"ऑपरेशनपर्यंत हातात किती वेळ आहे?" बाबांनी विचारलं.

"दोन आठवडे."

"पुरेत," बाबा म्हणाले.

त्या 'पुरेत'चा अर्थ मला दुसऱ्याच दिवशी कळला असता, पण मी मुलींची टीम घेऊन बाहेरगावी स्पर्धेला गेले. आठवड्यानं परत आले तेव्हा हॉलमध्ये गर्दी जमली होती आणि बाबा स्वतः काट्यावर उभे होते. गालांची हाडं वर आलेली, मानेच्या शिरा मोजता येतील अशा. दांडी सरकवून त्यांनी आपलाच आकडा ओरडून सांगितला. तो त्यांच्या विशीतल्या वजनगटाचा आकडा होता. सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तयारी." बाबा काट्यावरून उतरले, तेही भिंतीचा आधार घेऊन. "गाठ माझ्याच जेवणावर जगतेय ना? मी तिची रसद तोडली. सकाळी काळा चहा, रात्री पातळ सूप. ऑपरेशनला जाईन तो हलका होऊन जाईन."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरी जाऊन आईवर ओरडले, तर आई माझ्यावर दुपटीनं ओरडली. "तुझा बाप माझं ऐकतो कधी? ताट पुढे केलं की म्हणतो, वजनाचा आठवडा आहे. याच्या वजनाच्या आठवड्यात मी दारं लावून मासे तळत आलेय, वासानं जीव जाऊ नये म्हणून. मला काय सांगतेस?"

ऑपरेशनच्या आधी रक्त तपासून घेतात. रिपोर्ट आले त्या दिवशी सर्जन बाईंनी कागद टेबलावर ठेवला आणि बाबांना नीट निरखून पाहिलं.

"तुम्ही जेवत नाही आहात."

"तयारी चाललीय," बाबा म्हणाले, छाती काढून.

मग बाईंनी जे सांगितलं ते मी इतक्यांदा घोकलंय की झोपेत विचारलं तरी सांगेन. रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतं, ते यकृत बनवतं. ते साडेतीनच्या वर हवं, बाबांचं दोन पूर्णांक सहा होतं. दुसरा आकडा सीआरपीचा. शरीरात आतल्या आत दाह किती चाललाय ते त्यावरून कळतं. तो दहाच्या आत असावा, बाबांचा चौसष्ट होता.

"दाह चालू असला की भूक मरते, स्नायू झिजतात आणि यकृत अल्ब्युमिन बनवायचं मागे टाकतं," बाई म्हणाल्या. "गाठीमुळेही दाह होतो. त्यात तुम्ही उपास केलात. गाठ उपाशी राहत नाही हो, ती तुमच्या अंगातून ओरबाडून घेते. उपाशी राहता ते तुम्ही."

"मी उपाशीपोटी जिंकलेलो माणूस आहे."

"सामना संपल्यावर जेवायला मिळायचं ना? इथं मी आतडं शिवणार आणि ते भरून यायला त्याच दिवसापासून शरीराला माल लागणार. हे दोन आकडे असे असले की तो सांधा उसवायचा धोका वाढतो. सांधा उसवला की घाण पोटात पसरते. आणि नुसतं ऑपरेशनपुरतं नाही. गाठ तेवढीच, टप्पा तोच, तरी ज्यांचे हे दोन आकडे वाईट असतात त्यांना पुढची वर्षंही कमी मिळतात, असं आम्हाला दिसतं." त्यांनी कागद बाजूला सारला. "तारीख मी पुढे ढकलतेय. तीन आठवडे. खा, चाला, थोडा हलका व्यायाम करा. मग परत रक्त बघू."

बाबांनी घसा खाकरला. "म्हणजे मी वजनात बाद?"

बाईंना हॉलमधलं काही माहीत नव्हतं. "सध्या बाद," त्या सहज म्हणाल्या.

बाबा आयुष्यात कधी वजनात बाद झाले नव्हते. परतीच्या बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. दोन थांबे गेल्यावर म्हणाले, "पावकिलो, वजन वाढवायचं कसं असतं?" मला हसू आलं आणि रडूही आलं. एवढा मोठा वस्ताद माणूस, आणि त्याला जेवायचं कसं ते ठाऊक नव्हतं.

मी ठरवलं की हे शिबिर समजायचं. फरक इतकाच की शिट्टी माझ्या गळ्यात आणि खेळाडू ते. आहारतज्ज्ञानं तक्ता करून दिला होता. अंडी, दूध, मासे, डाळी, घट्ट दही, मध्ये मध्ये प्रथिनांची पावडर घातलेलं पेय. आईनं तो तक्ता वाचला आणि बाह्या सावरल्या. इतक्या वर्षांची तुंबलेली हौस होती तिची. सकाळी उठल्या उठल्या अंडी, हॉलमध्ये जाताना दूध, परत आल्यावर मासा. बाबा तोंड वाकडं करायचे.

"अगं, किती वाढतेस? मी माणूस आहे का हत्ती?"

"हत्ती झालात तरी चालेल. मी माहूत होईन," आई म्हणायची आणि अजून एक तुकडा वाढायची.

मी टेबलाशी शिट्टी घेऊन बसायचे. ताट संपेपर्यंत उठायचं नाही. एकदा त्यांनी अर्धं अंडं रुमालात गुंडाळलं, ते मी उलगडून परत ताटात ठेवलं. एकदा दूध कुंडीत ओतलं, तर मी दुसरा पेला भरून आणला. त्यांनी माझ्या लहानपणी माझ्या नाकी नऊ आणले होते, आता पाळी माझी होती. रोज संध्याकाळी चालणं आणि खुर्चीवरून उठबस हेही होतंच. बाबा कुरकुरायचे, पण करायचे. शिबिर म्हटल्यावर शिबिर, एवढी शिस्त रक्तात होती.

तपासणीच्या दिवशी दवाखान्यात काट्यावर उभे राहिले तर वजन मस्त भरलं. नर्स म्हणाली, "वा आजोबा!" बाबा माझ्याकडे बघून मिशीत हसले. मला संशय आला, कारण ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते. वरच्या गटात बसवायच्या हडकुळ्या पोरांना ही युक्ती तेच शिकवतात: काट्यावर चढायच्या आधी पोट फुटेस्तोवर पाणी प्यायचं आणि लघवी दाबून ठेवायची. मी त्यांची पिशवी उघडली. आत पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, दोन्ही रिकाम्या.

"बाबा!"

"मी आलोच," म्हणत ते संडासाकडे पळाले.

सर्जन बाईंनी त्यांच्या वजनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पायाला सूज असली तरी वजन वाढतं. मला रक्ताचा कागद द्या." बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला. एवढं सोसलेलं सगळं पाण्यात गेलं होतं.

पण कागद वाचून बाईंच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं. अल्ब्युमिन दोन पूर्णांक आठ, म्हणजे किंचित वर. सीआरपी मात्र चौसष्टचा एकाहत्तर.

"एवढं खाऊनही?" मी म्हटलं. "मी स्वतः समोर बसून खायला घालतेय."

"खातायत ते दिसतंय. पण दाह उतरत नाही तोवर खाल्लेलं अंगी लागणार नाही. हा सगळा गाठीचाच असेल असं मला वाटत नाही. दुसरीकडे कुठे काही दुखतंय? लघवीला जळजळ? खोकला? जखम?"

"काही नाही," बाबा म्हणाले. इतक्या झटकन म्हणाले की मी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. ते भिंतीवरचं घड्याळ बघत होते.

बाईंनी छाती तपासली, पोट दाबून पाहिलं, लघवीची तपासणी लिहून दिली. "मी फार तर आणखी दोन आठवडे थांबेन. गाठ आपल्यासाठी थांबणार नाही. आकडे असेच राहिले तर मी सांधा शिवायची जोखीम घेणार नाही. आतड्याचं तोंड पोटावर काढावं लागेल, पिशवी लावावी लागेल, आणि बाकीचे धोके आहेतच. मला ते टाळायचंय. तुम्हालाही टाळायचं असेल तर काही लपवू नका."

लघवीची तपासणी स्वच्छ आली. मी घरात सगळीकडे शोधलं. काय शोधत होते ते मला माहीत नव्हतं, तरी त्यांचे पाय बघितले, पाठ बघितली, बगला बघितल्या. बाबा म्हणाले, "मला काय बैलबाजारात खरेदी करणार आहेस का?" मी चिडून शर्ट त्यांच्या अंगावर फेकला. दोन आठवड्यांतले दिवस सरत होते आणि मी नुसती शिट्टी फुंकत होते.

उत्तर हॉलमध्ये सापडलं. हलका व्यायाम म्हणून बाबा हातात पॅड धरून उभे राहायचे, नवीन मुली त्यावर ठोसे मारायच्या. त्या दिवशी एका नवख्या मुलीचा ठोसा पॅडवरून घसरला आणि ग्लोव्हची कड बाबांच्या डाव्या जबड्याला लागली. लागली म्हणजे नुसती शिवली. मांजरानं पंजा लावावा तेवढी. आणि बाबा खाली बसले. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मुलगी घाबरून रडायला लागली. मी मात्र जागच्या जागी उभी होते. या माणसाचं नाक दोनदा मोडलंय. मोडलेल्या बोटावर पट्टी गुंडाळून, वर ग्लोव्ह चढवून त्यानं अख्खा सामना खेळलाय आणि पंचाला पत्ता लागू दिलेला नाही. बॉक्सर आणि डॉक्टर यांचं नातंच असं असतं. डॉक्टरला दुखणं दिसलं की सामना रद्द. त्यामुळे डॉक्टर खोलीत शिरला की आमच्यातल्या कुणालाच काही दुखत नाही. हे मला त्यांनीच शिकवलं होतं, आणि ते माझ्या आधी लक्षात यायला हवं होतं.

मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले. "तोंड उघडा."

"काही नाही गं."

"तोंड उघडा म्हणते ना!"

सामन्याआधी दातांवरची रबरी ढाल नीट बसली की नाही ते बघायला ते आम्हाला असंच दरडावतात. सवयीनं त्यांचं तोंड उघडलं. डाव्या बाजूची खालची दाढ अर्धी तुटलेली होती आणि तिच्या मुळाशी हिरडी सुजून टरारली होती. वास आला. खिशात लवंगेच्या तेलाची बाटली निघाली.

"कधीपासून?"

"गाठीच्या आधीपासून." ते लहान मुलासारखं खाली बघत होते. "त्या बाईंना कळलं असतं तर त्यांनी तारीख रद्दच केली असती. एकदा ढकलली तेवढी पुरे झाली."

"त्या तारीख ढकलतायत ती याच्यामुळेच!" मी इतक्या जोरात ओरडले की खालच्या गॅरेजमधला हातोडा थांबला. "तुम्हाला काय वाटतं, त्या पंच आहेत? तुम्हाला बाद करायला बसल्यात? त्या आपल्या कोपऱ्यात उभ्या आहेत, बाबा. आपल्या कोपऱ्यातल्या माणसापासून दुखणं लपवतं का कुणी?"

बाबांनी हातातली पॅडं काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "नाही. तिथं सगळं सांगायचं असतं."

तिथूनच मी सर्जन बाईंना फोन लावला आणि फोन बाबांच्या हातात दिला. सगळं त्यांनीच सांगितलं, दाढेपासून पाण्याच्या बाटल्यांपर्यंत. दंतवैद्यानं दुसऱ्याच दिवशी पू काढला, औषधं सुरू केली आणि दाढ उपटली. आईनं ती बघितली आणि म्हणाली, "एवढ्याशा दाढेसाठी माझे मासे वाया घालवलेत होय!"

मग मात्र बाबा जेवले. न दुखणाऱ्या तोंडानं ते जेवतायत हे मी कित्येक महिन्यांनी बघत होते. दोन्ही बाजूंनी चावत होते. पायाची सूज उतरली, गालाची हाडं जराशी आत गेली. मी शिट्टी गळ्यातून काढून खुंटीला लावली. मुदत संपता संपता रक्त दिलं. सीआरपी चौदा. अल्ब्युमिन तीन पूर्णांक दोन.

"साडेतीन नाही झालं," बाबांनी हळूच विचारलं, "पाव कमी पडलं का?"

"थोडं कमी आहे," बाई म्हणाल्या. "गाठ आत आहे तोवर याहून फार वर जाणार नाही. हमी मी देत नाही. पण आता मी शिवायला तयार आहे. तुम्ही?"

"मी कधीचा तयार आहे."

"ते मी ऐकलंय," बाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदा हसल्या.

ऑपरेशन झालं. गाठ निघाली, सांधा शिवला, पिशवी लागली नाही. पण खरी वाट त्यानंतर बघायची होती. सांधा धरतोय की नाही ते त्या चार-पाच दिवसांत कळणार होतं. रोज सकाळी सर्जन बाई यायच्या, ताप बघायच्या, पोट दाबायच्या आणि गंभीर चेहऱ्यानं विचारायच्या, "गॅस गेला का?" हॉलमधली पोरंही फोन करून तेच विचारायची. जगात इतकी माणसं एका माणसाच्या पादण्याकडे डोळे लावून बसलेली मी कधी पाहिली नव्हती. बाबा निपचित पडून असायचे. पातळ सुपाचे चार चमचे घ्यायचे, नर्स सांगते म्हणून. तोंड फिरवायचे नाहीत, पण स्वतःहून मागायचेही नाहीत. मी खुर्चीत बसून त्यांच्या कपाळाला हात लावत राहायचे. मला भीती वाटत होती, आणि ती सांगायला कुणी नव्हतं, कारण आईही तशीच बसली होती.

मग एका दुपारी गॅस गेला. नर्सनं तो कागदावर लिहून घेतला आणि आईनं डोळ्यांना पदर लावला. संध्याकाळी सर्जन बाई येऊन गेल्या. ताप नाही, पोट मऊ, रक्त ठीक. "धरलाय सांधा," म्हणाल्या. "आता मऊ अन्न द्या." आमचा जीव भांड्यात पडला.

त्या गेल्यावर बाबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, चोरून काहीतरी करायच्या आधी पोरं बघतात तसं.

"पावकिलो."

"काय बाबा?"

"भूक लागलीय."

आई उठता उठता थांबली. मी त्यांच्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होते. मला रडू फुटलं आणि ते मी आवरलं नाही.

"रडतेस काय," बाबांचा आवाज बारीक होता, पण सूर हॉलमधलाच. "नियम म्हणजे नियम. पण मला टाके आहेत."

मी डोळे पुसले. खुर्ची मागे सरकवली आणि पलंग आणि सलाइनच्या स्टँडच्या मधल्या जागेत बैठका मारायला सुरुवात केली. नर्स दारात येऊन थबकली. आईनं तिला हातानं बाजूला केलं आणि स्वतः अंडं मऊ उकडून आणायला गेली.

"नीट खाली जा," बाबा म्हणाले. "गुडघे बाहेर. पाठ सरळ."

आई वाटी घेऊन परत आली तोवर माझ्या मांड्या भरून आल्या होत्या. तिनं पहिला चमचा त्यांच्या तोंडात दिला, लगेच दुसरा दिला. बाबा दोन्ही बाजूंनी सावकाश चावत माझ्याकडे बघत होते. तोंडात घास होता, त्यामुळे 'थांब' म्हणता येईना. मी मारत राहिले.